कागदाचा दाणा आणि कुत्र्याचा केस

पाळीव प्राण्याचं व्यक्तिचित्र रंगीत पेन्सिलीने काढायला बसणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी एक सल्ला देतंच: केसाळ कुत्रा आहे ना, मग खरखरीत कागद घे, अर्धे केस कागदच काढून देईल. सल्ला ऐकायला सोयीचा आहे आणि सुरुवातीला तो खराही वाटतो. पेन्सिल आडवी धरून फिरवली की कागदावर लगेच काहीतरी दाट, मऊसर उमटतं. अडचण येते ती डोळे, नाक, ओठ यांच्यापाशी पोहोचल्यावर, आणि तोपर्यंत कान, गळा, छाती असं बरंच काम होऊन गेलेलं असतं. माझं म्हणणं असं की या सल्ल्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. कागदाचा दाणा रंग धरून ठेवतो, ही एक. आणि तो चित्रात स्वतः दिसतो, ही दुसरी. पहिल्या कामासाठी दाणा हवाच. दुसरं काम मात्र तो आपल्याला विचारून करत नाही, आणि व्यक्तिचित्रात ते बहुतेक वेळा आपल्या मुळावर येतं. म्हणून कागद निवडताना प्राणी किती केसाळ आहे हे पाहू नये, त्याचा डोळा कागदावर किती मोठा येणार आहे हे पाहावं.

रंगीत पेन्सिलीची कांडी म्हणजे रंगद्रव्य, त्याला बांधून ठेवणारं मेण किंवा तेल, आणि थोडी भर. कुंचल्याने लावलेला रंग ओला असतो, तो खळग्यांत उतरतो. पेन्सिल तशी उतरत नाही. ती घासली जाते, उंचवट्यांवर रंग सोडते आणि खळगे कोरे राहतात. हे कोरे ठिपके कुठे पडायचे ते कागद तयार होतानाच ठरलेलं असतं. कॅन्सनचा ‘मि-तांत’ हा १६० ग्रॅमचा पेस्टल कागद घेऊन त्याच्या एका बाजूवर गडद तपकिरी पेन्सिल आडवी फिरवून पाहा. मधमाशीच्या पोळ्याची जाळी असते तशी जाळी वर येते, ओळीने, एका अंतराने. जलरंगाच्या कोल्ड प्रेस कागदावर जाळी नसते, पण सगळीकडे सारखेच खडबडीत ठिपके असतात. आता कुत्र्याचं तोंड आठवा. नाकाच्या शेंड्यालगतची लव जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते आणि ती मागे, कपाळाच्या दिशेने झोपलेली असते. दोन डोळ्यांच्या मधून केस पंख्यासारखे वर आणि बाजूंना फाकतात, गालावर खाली वळतात, कानाच्या मुळाशी दिशा बदलतात, छातीवर बऱ्याचदा भोवरा असतो. म्हणजे केसाला दिशा असते, लांबी असते, जागेनुसार जाडी असते. दाण्याला यातलं काहीच नसतं. ज्याला दिशा नाही ते, ज्याचं सगळं रूपच दिशेवर उभं आहे त्याच्या जागी उभं केलं तर दुरून केसांचा भास होईल, पण हा आपला मोती आहे की शेजाऱ्यांचा, हे सांगता येणार नाही.

यावर सर्वांत जुना आणि अजून कुणी न खोडलेला पुरावा म्हणजे ड्यूररचा ससा. आल्ब्रेख्त ड्यूररने १५०२ साली काढलेलं हे चित्र व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. आकार सुमारे २५ बाय साडेबावीस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या ए४ कागदापेक्षाही आखूड. माध्यम जलरंग आणि अपारदर्शक रंग, पेन्सिल नव्हे, हे मान्य. पण प्रश्न तोच आहे. त्याने आधी पातळ तपकिरी रंगाचा थर देऊन अंगाची गोलाई पक्की केली आणि मग त्यावर केस ओढले, कुठे गडद, कुठे फिकट, प्रत्येक भागात वेगळ्या दिशेने. कानावरची लव वेगळी, छातीवरचे केस वेगळे, मांडीवरचे वेगळे. सशाच्या डोळ्यात खिडकीच्या चौकटीचं प्रतिबिंब दिसतं, इतक्या छोट्या जागेत. यातला एकही केस कागदाने काढून दिलेला नाही. मऊपणा आला तो खालच्या थरातल्या छटांमुळे आणि वरच्या रेषांच्या दिशेमुळे. रंगीत पेन्सिलीतही केस याच दोन गोष्टींतून उभे राहतात, आणि या दोन्हींना कागदाकडून एवढंच हवं असतं की त्याने थर धरावेत आणि रेषेच्या वाटेत येऊ नये.

वाटेत येतो म्हणजे किती, याचा हिशेब करता येतो. ए४ कागदावर कुत्र्याचं डोकं नीट बसवलं तर एकेका डोळ्याची रुंदी दीड ते दोन सेंटिमीटर येते. त्यातलं बुबुळ सेंटिमीटरभराचं, आणि बुबुळावरची चमक, जिच्यामुळे डोळा जिवंत वाटतो, ती दोन मिलिमीटरची. कोल्ड प्रेस कागदावरचे किंवा जाळीच्या कागदावरचे उंचवटे-खळगेही मिलिमीटरच्याच हिशेबातले असतात. म्हणजे त्या चमकेच्या कडेवर एखादा खळगा हमखास येणार, आणि तो पांढरा राहिला तर डोळ्यात एकाऐवजी तीन चमका दिसणार. कुत्रा तुमच्याकडे पाहतोय असं वाटण्याऐवजी त्याला मोतीबिंदू झालाय असं वाटतं. पापणीची गडद कड, तिच्या आतली ओलसर फिकट रेघ, ओठांची दुमड यांचंही तेच. टोक कितीही अणकुचीदार करा. रेषा एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर उडी मारते आणि तुटते. माझा आडाखा साधा आहे: चित्रातली जी सर्वांत बारीक गोष्ट चुकून चालणार नाही, ती कागदाच्या दाण्याच्या निदान चौपट मोठी यायला हवी. तशी येत नसेल तर एक तर कागद बारीक दाण्याचा घ्या, नाही तर चित्र मोठं करा. मधला मार्ग नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. गुळगुळीत कागदावर थर बसत नाहीत. खरंच बसत नाहीत. ब्रिस्टल किंवा साध्या कार्डशीटवर चार-पाच थरांनंतर पृष्ठभाग भरून जातो, वरची पेन्सिल घसरायला लागते, आणि काळ्या लॅब्रॅडॉरच्या अंगातला निळा, जांभळा, तपकिरी बसवायला जागाच उरत नाही. पण यातून ‘दाणा हवा’ एवढंच सिद्ध होतं, ‘मोठा दाणा हवा’ हे नाही. दाणा बारीक आणि दाट असला की त्याच जागेत कितीतरी जास्त उंचवटे मावतात. रंग जास्त धरला जातो आणि ठिपके मात्र नजरेला लागत नाहीत. क्लेअरफोंतेनचा ‘पेस्टलमॅट’ हा ३६० ग्रॅमचा कागद याच तत्त्वावर चालतो. त्याच्यावर वनस्पतिजन्य तंतूंचा बारीक लेप असतो, हाताला तो मखमली लागतो, पण पेन्सिलीला घट्ट पकडतो. त्यावर गडद रंगावर फिकट केस ओढता येतात, जे साध्या कागदावर जवळपास अशक्य आहे. वाळूचा लेप दिलेले कागदही चालतात, फक्त आकडा पाहून घ्या. ‘यूआर्ट’च्या कागदात २४० पासून ८०० पर्यंत प्रती येतात आणि आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक. २४० ची प्रत पेस्टलच्या कांडीला ठीक; पेन्सिलीला ६०० किंवा ८००. या कागदांची खोडही सांगून ठेवतो: पेन्सिली भराभर झिजतात, भुगा पडतो, आणि कच्च्या रेखाटनाची रेघ एकदा दाबून ओढली की खोडरबराने नीट जात नाही. रेखाटन फिकट रंगात, हात हलका ठेवून करावं.

दुसरा आक्षेप हात राखून काम न करणाऱ्यांचा: दाबून घासा की खळगे भरतातच. भरतात, पण कशाने भरतात ते पाहा. मेणाच्या पेन्सिली, उदाहरणार्थ प्रिझ्माकलर, दाबून थापल्या की कागदावर मेणाचा जाड थर बसतो. काही आठवड्यांनी त्यातलं मेण वर येऊन पांढुरकी धूसर साय धरतं, आणि काळ्या कुत्र्यावर ती सगळ्यात आधी दिसते. फेबर-कॅसलच्या पॉलिक्रोमॉससारख्या तेलाच्या पेन्सिलींना हा त्रास फारसा नाही, पण दाबाखाली कागदाचा दाणा चेपला जातो तो जातोच. मग वरच्या थरातले बारीक केस धरायला काही शिल्लक राहत नाही. रसायनाने रंग विरघळवून खळग्यांत उतरवणं हा उपाय जास्त शहाणपणाचा आहे. बिनवासाचं मिनरल स्पिरिट सपाट ब्रशने पुसटसं फिरवलं की खालचा थर एकजीव होतो (खिडक्या उघड्या ठेवा, वास येत नाही म्हणजे वाफ नाही असं नव्हे). पण पांढरे ठिपके गेले तरी उंचवटे जात नाहीत. त्यावरून ओढलेला शेवटचा केस पुन्हा उड्या मारतच जातो. पार्श्वभूमीला हे चालेल, डोळ्याच्या कडेला नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत आवडतो, कारण तो चित्रकलेच्या इतिहासातून येतो. सराने आपली सगळी गंमत खरखरीत कागदातूनच काढली, त्याचं काय? जॉर्ज सराने १८८० च्या दशकात काँते क्रेयॉनने केलेली रेखाटनं पाहिली की हा आक्षेप पटायला लागतो. त्याने मिशालेचा ठळक पोताचा कागद घेतला, क्रेयॉन हलका फिरवला, आणि कोरे राहिलेले ठिपके असे वापरले की अंधारातून प्रकाश झिरपल्यासारखा वाटतो. पण त्याने काय काढलं तेही पाहा. छत्री घेतलेली बाई, पाठमोरी आकृती, संध्याकाळ. एकच काळा रंग, आकृतीची सावली, आणि त्यातल्या बहुतेकांचे चेहरे जवळजवळ पुसलेले. सराला ती बाई कोण हे सांगायचंच नव्हतं. आपल्याकडे कुत्र्याचं चित्र मागायला येणाऱ्याला नेमकं तेवढंच हवं असतं. डाव्या कानाचा वाकलेला शेंडा, म्हातारपणी पिकलेलं तोंड, एका डोळ्यावरचा करडा डाग. ओळख हा व्यक्तिचित्राचा पहिला करार आहे, आणि खडबडीत कागद सर्वांत आधी तीच खातो. ज्याला वातावरण काढायचं आहे, ओळख नाही, त्याने सराचा रस्ता जरूर धरावा. मी त्याला अडवणार नाही.

शिवाय सगळेच पाळीव प्राणी झुपकेदार नसतात, हे केसांवरून कागद ठरवणारे विसरतात. आपल्याकडचा गावठी कुत्रा घ्या, किंवा कारवान. आखूड, अंगाला चिकटलेले केस; त्यातून दिसतात ते बरगड्या, खांद्याचा उतार, मांडीचा स्नायू. अशा अंगावर प्रकाश रुंद, सलग पट्ट्यांत पडतो आणि हळूहळू सावलीत विरतो. हा उतार गुळगुळीत उतरला तरच अंग तुकतुकीत वाटतं. दाण्याचे ठिपके मध्ये आले की खरूज झाल्यासारखं दिसतं. उलट एका जागी मोठा दाणा खरोखर मदतीला येतो, आणि ती जागा केसांची नाही. कुत्र्याच्या नाकाची कातडी जवळून पाहिली तर ती बारीक बारीक खवल्यांची बनलेली दिसते, मध्ये भेगांसारख्या रेषा, प्रत्येक खवल्यावर ओली चमक. तिथे पेन्सिल आडवी फिरवून दाण्याला थोडं बोलू दिलं तर नाक पटकन जमतं. मांजराच्या गुलाबी नाकाला तेवढंही नको.

राहता राहिला खर्च. आयात केलेले लेपाचे कागद महाग पडतात हे खरं, आणि शिकणाऱ्याने पहिल्याच दिवशी ते घ्यावेत असं मी म्हणणार नाही. पण स्वस्त पर्याय शोधताना थोडं डोकं वापरावं. मि-तांतची जाळीची बाजू नको असेल तर तोच कागद उलटा करा. दुसरी बाजू बारीक दाण्याची असते आणि ती वापरायला काहीच हरकत नाही. १९४० पासून पुण्यात असलेल्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचे कागद हातात घ्यायला सुंदर असतात, पण हातकागद प्रत बघून घ्यावा. ज्यात तंतू उघडे दिसतात तो टोकाखाली उसवतो. हॉट प्रेस जलरंग कागदावर पारदर्शक जेसोचा पातळ हात देऊन घरीही पृष्ठभाग तयार होतो. तो ब्रशने लावू नका, ब्रशच्या रेघा वाळून कायमच्या राहतात आणि चेहऱ्यावरून आडव्या जातात. फोमच्या रोलरने लावा. हार्डवेअरच्या दुकानातला पॉलिश पेपर मात्र कितीही स्वस्त असला तरी नको. तो लाकूड घासण्यासाठी केलेला असतो, त्याच्या पाठचा कागद किती वर्षं पिवळा पडणार नाही याची हमी कुणी दिलेली नसते, आणि गिऱ्हाइकाने पैसे मोजून घेतलेलं चित्र त्यावर काढणं प्रामाणिकपणाचं नाही.

कोणताही नवा कागद आला की त्याच्या कोपऱ्याच्या तुकड्यावर आधी एक डोळा काढावा, ठरलेल्या मापात, चमकेसकट. केसांचा तुकडा काढून परीक्षा घेऊ नये; केस जवळपास प्रत्येक कागदावर बरे दिसतात, म्हणून ती परीक्षाच नव्हे. डोळा तुटला तर तो कागद बाजूला ठेवावा, पार्श्वभूमी गडद असलेल्या मोठ्या चित्राला तो कधीतरी उपयोगी पडेल. आणि हाच हिशेब चित्राचं माप सांगताना गिऱ्हाइकापुढेही मांडावा. एकाच ए४ वर घरातली तिन्ही मांजरं हवीत असं सांगणारे बरेच भेटतात. तेव्हा एकेका डोक्याला सहा-सात सेंटिमीटर मिळतात, डोळा जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा होतो, उन्हात आकसलेली उभी बाहुली दीड मिलिमीटरची आणि चमकेचा ठिपका मिलिमीटरच्याही आत. अशा वेळी ए३ सांगा, किंवा तीन वेगळी चित्रं सांगा. दोन्हीला नकार आला, तर काम बारीक दाण्याच्या कागदावर करा आणि कागदाची किंमत दरात धरा.