औट म्हणजे किती?

पालकहो,

२०२० चा पावसाळा आठवतोय ना? शाळेला कुलूप होतं आणि मी आमच्या इमारतीच्या जिन्यात बसून मोबाइलवर सातवीचं गणित शिकवत होते, कारण रेंज तेवढी तिथेच यायची. वर्गातली एक मुलगी रोज सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायची. एके दिवशी तिचा कॅमेरा बंद झाला. मग आवाजही येईना. तिच्या आईला फोन केला, तर त्या अवघडून म्हणाल्या, "बाई, ती म्हणते, मला हे येतंय, मग तेच परत ऐकत काय बसू?"

मला तिचा राग आला नाही, स्वतःचंच वाईट वाटलं. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांची काळजी आपण करतो, आणि ती करायलाच हवी. पण पुढे पळणारं मूलही एकटं पडतं, हे आपल्या ध्यानात येत नाही. 'हुशार आहे, त्याचं तो बघून घेईल' असं म्हणून आपण त्याला मोकळं सोडतो.

त्या संध्याकाळी मी तिला एक प्रश्न पाठवला. 'औट घटकेचं राज्य' असं आपण म्हणतो, त्यातलं औट म्हणजे किती? अट एकच घातली: नेटवर शोधायचं नाही, घरात विचारायचं.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधीच ती हजर! तिने आजोबांचा आवाज टिपून आणला होता. चौथीत शाळा सुटलेले ते आजोबा खणखणीत आवाजात औटकी म्हणत होते. औट म्हणजे साडेतीन. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे एके काळी मुलांना तोंडपाठ असत. बाजारातला सगळा हिशेब त्यावर चाले. मुलगी मला म्हणाली, "बाई, साडेतीन म्हणजे साताचा अर्धा. मग साताचा पाढा म्हणायचा आणि उत्तर निम्मं करायचं. औटकी वेगळी पाठ करायलाच नको!" हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आजोबांच्या पाठांतरातून नातीने नियम शोधून काढला होता.

त्या दिवशी मला जे उमगलं, तेच सांगायला आज बसले आहे. ऑनलाइन शिक्षण तल्लख मुलाला लांबवर नेतं, पण पाय रोवायला जमीन लागते ती घरच्या भाषेची, घरच्या माणसांची. दोन्ही मिळाली तरच मूल फुलतं.

आता तुमच्या नेहमीच्या प्रश्नाकडे येते. "बाई, मूल हुशार आहे, कोणता ऑनलाइन क्लास लावू?" क्लास लावायच्या आधी मुलाला नीट पाहा. गुणपत्रिकेत पहिला येणाराच प्रज्ञावंत, असं नसतं. एकच प्रश्न आठवडाभर धरून बसणारं, खेळाचे नियम बदलून नवा खेळ करणारं, ऐकलेली गोष्ट आपल्या पद्धतीने पुन्हा रचणारं, मोडलेला रेडिओ उघडून बसणारं, वर्गात कंटाळून खोड्या काढणारं मूलही त्यात असू शकतं. पुण्यात डॉ. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, ती अशा बुद्धिमान मुलांच्या वेगळ्या गरजा ओळखूनच. बुद्धीला आव्हान हवं आणि समाजाशी नातंही हवं, असा तिथला विचार आहे.

आणि काही मुलांची हुशारी आपल्याला दिसतच नाही, कारण ती आपल्या भाषेत बोलत नाहीत. मेळघाटातलं कोरकू मूल घ्या. कोरकू ही मुंडा गटातली भाषा, मराठीशी तिचं कुळ जुळत नाही. घरात कोरकू बोलणारं मूल पहिलीत येतं आणि पुस्तकातली मराठी त्याला परकी वाटते. ते गप्प बसतं, आणि आपण त्याला 'कच्चं' ठरवतो. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर सहा महिने फडावर राहून परतणाऱ्या मुलाचंही तेच. त्याला उसाच्या मोळ्यांचा हिशेब तोंडी येतो, पण तो कुठल्या प्रश्नपत्रिकेत विचारला जात नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं सांगितलं आहे. बालभारतीची पुस्तकं मराठीखेरीज उर्दू, कन्नड, गुजराती, तेलुगू, सिंधी अशा भाषांतही निघतात. पण धोरण आणि पुस्तक मुलाच्या घरापर्यंत पोचवायला माणूस लागतो. तो माणूस शिक्षक असतो, तसेच तुम्हीही असता.

तुम्ही म्हणाल, "आम्हाला इंग्रजी येत नाही, कॉम्प्युटर येत नाही, आम्ही काय मदत करणार?" खूप करू शकता. हे बघा.

सगळ्यात आधी फुकट आणि चांगलं काय आहे ते माहीत करून घ्या. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केले की त्या धड्याचं साहित्य दीक्षा या सरकारी ॲपवर उघडतं. पुढच्या इयत्तेचं पुस्तक ई-बालभारतीवर मिळतं, त्यामुळे पाचवीतल्या मुलाला सातवीचं विज्ञान वाचावंसं वाटलं तर कुणाची परवानगी लागत नाही. मराठी विश्वकोश घरबसल्या मोफत वाचता येतो. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायची विज्ञान खेळणी आहेत, आणि मराठी पुस्तकंही आहेत. काड्यापेटी, सायकलची ट्यूब, जुनी स्ट्रॉ एवढ्या भांडवलावर भौतिकशास्त्र सुरू होतं. गणित-विज्ञानाच्या ऑलिंपियाड स्पर्धांची ओढ असलेल्या मुलाला मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात. पैशाची अडचण असेल तर आठवीतली एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा विसरू नका. सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या आणि वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या घरातल्या मुलांसाठी ती असते. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात.

दुसरं, पडद्याला वेळ ठरवून द्या आणि शेजारी एक वही ठेवा. वीस मिनिटं पाहिलं की पुढची वीस मिनिटं हाताने काहीतरी झालं पाहिजे: आकृती, प्रयोग, गणित, किंवा एखादा न सुटलेला प्रश्न. तल्लख मूल व्हिडिओ भराभर गिळतं. पाहिलं म्हणजे कळलं, असं त्याला वाटतं. वहीत उतरवताना ते अडतं, आणि खरं शिकणं तिथे सुरू होतं.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रात्री जेवताना मुलाला म्हणा, "आज काय कळलं, ते आपल्या भाषेत सांग." तुमची भाषा अहिराणी असो, मालवणी, वऱ्हाडी, कोरकू की पावरी. 'फोटोसिंथेसिस' हा शब्द पाठ झालेल्या मुलाला आजीला समजावताना सांगावं लागतं, की पान उन्हात स्वतःचं अन्न तयार करतं. आजी विचारते, "मग रात्री काय खातं?" हा प्रश्न कुठल्याही ॲपने विचारला नसता. तुम्हाला उत्तर येत नाही, हीच तुमची मोठी मदत. "मला माहीत नाही, चल, दोघं मिळून शोधू," असं म्हणणारा बाप मुलाला न कळण्याची लाज वाटू देत नाही. आणि नेहमी पहिल्या नंबरावर राहिलेल्या मुलाला त्या लाजेचीच फार भीती असते.

चौथं, त्याला सोबत मिळवून द्या. गावात गणिताची आवड असलेलं दुसरं मूल नसेल, तर शिक्षकांना विचारून दुसऱ्या शाळेतल्या मुलाशी आठवड्यातून एकदा व्हिडिओवर गाठ घालून द्या. मोठं माणूस आसपास असू द्या. स्पर्धा लावू नका, एक कोडं द्या.

कोड्यावरून आठवलं. देवळालीच्या शाळेत द. रा. कापरेकर नावाचे शिक्षक होते. विद्यापीठात त्यांना जागा नव्हती, हाताशी यंत्र नव्हतं. त्यांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा गुण जगापुढे मांडला. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. ३५२४ घेऊ. अंक उतरत्या क्रमाने लावले ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजा केले की ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येतात. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण तिथे पोचतोच. १९७५ मध्ये अमेरिकी गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांविषयी लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभरच्या गणितप्रेमींपर्यंत गेलं. कापरेकरांपाशी इंटरनेट नव्हतं. त्यांच्यापाशी गणिताचं वेड होतं, आणि ते त्यांनी शाळामास्तरकी करता करता आयुष्यभर जपलं. आपल्या मुलांपाशी इंटरनेट आहे. वेड जपायचं काम आपलं आहे.

त्या मुलीलाही मी हेच कोडं दिलं होतं. तिने ते आजोबांना शिकवलं. आई सांगत होत्या, की रात्री दोघं कंदिलाएवढ्या उजेडात, एक पाटीवर आणि एक टॅबवर, वजाबाक्या करत बसायचे. ६१७४ आलं की आजोबा पाटी पुसायचे आणि म्हणायचे, "हं, आता दुसरी संख्या सांग."

पालकहो, आज रात्री तुम्हीही एवढंच करा. मुलाजवळ बसा, ते बोलायचं थांबेपर्यंत ऐका, आणि मग म्हणा, "हं, पुढे सांग."