‘अधूनमधून’ हे कारण नव्हे

चि. बाळास,


तमिळनाडूत, गोविंदपुरम्‌ला यात्रेकरूंच्या माहितीसाठी ठेवलेली टच स्क्रीन ‘अधूनमधून आपोआप बंद पडते, कारण कळत नाही’ असं तू लिहिलंस. त्यातला ‘अधूनमधून’ हा शब्द मला खटकला. यंत्र एका ठरावीक दिवशी, ठरावीक मिनिटाला बंद पडतं. ते मिनिट कुणी टिपून ठेवत नाही, मग आपण अधूनमधून म्हणतो आणि पुढे ‘आपोआप’ही म्हणू लागतो. माझं म्हणणं एवढंच, की नोंद होईपर्यंत दुरुस्तीला हात घालू नये. नोंद झाली की निम्मी दुरुस्ती उरकलेली असते.

पहिला प्रश्न यंत्राला विचार: तू झोपलास, की तुला कुणी पाडलं? विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये याचं उत्तर असतं. 1074 क्रमांकाची नोंद दिसली तर यंत्र रीतसर बंद झालं. कुठल्या प्रोग्रॅमने आणि कुणाच्या खात्यातून, तेही तिथेच लिहिलेलं असतं. बहुधा अपडेट तरी निघतं, नाहीतर गर्दीतलं कुणाचं बोट कोपऱ्यातल्या मेनूपर्यंत पोचलेलं निघतं. काचेवर पाण्याचे थेंब असले की कधी कधी बोटाविनाही स्पर्श नोंदले जातात, हेही ध्यानात ठेव. 41 क्रमांकाची नोंद असेल तर यंत्र रीतसर बंद न होताच पुन्हा सुरू झालं. तिच्या तपशिलात बगचेक कोड पाहा. कोड असेल तर सिस्टिम कोसळली आहे. दर वेळी तोच कोड आणि तोच ड्रायव्हर दिसला तर ड्रायव्हरवर संशय घे. दर वेळी निराळाच काही निघाला तर रॅम रात्रभर तपासायला लाव. कोडच्या जागी शून्य असेल तर वीज गेली, उष्णतेने यंत्राने स्वतःला बंद केलं, कुणी बटण दाबून धरलं किंवा यंत्र पुरतं गोठलं, बहुधा या चारांपैकी एक. एक बारकावा सांगतो: 41 वरची वेळ यंत्र पुन्हा उठल्यानंतरची असते. पडण्याची वेळ हवी तर 6008 ची नोंद वाच. आणि त्याहीआधी यंत्राचं घड्याळ बरोबर आहे ना ते बघ, कारण मदरबोर्डवरचा बटणसेल संपला असेल तर साऱ्याच वेळा खोट्या ठरू शकतात.

यावर तू म्हणशील, वीजच गेली तर यंत्र लिहिणार काय? खरं आहे, पण नोंद नसणं हीसुद्धा साक्षच आहे, आणि राहिलेली साक्ष यंत्राबाहेर गोळा करायची असते. एक वही घाल. दिनांक, वेळ, ऊन की पाऊस, गर्दी किती, शेजारचे दिवे मिचकले का, एवढे रकाने पुरेत. तुझं गाव तर या कामी बोलकं आहे. मे महिन्यात तिथे ‘कत्तिरी’चं ऊन असतं, महाराष्ट्रात पाऊस ओसरतो तेव्हा, ऑक्टोबरपासून, तुमच्याकडे जोर धरतो, तिथेच समाधी असलेल्या बोधेंद्र स्वामींच्या आराधनेला भाद्रपदी पौर्णिमेच्या सुमारास गर्दी असते. दुपारी दोन ते चारच्या दरम्यानच नोंदी जमल्या तर यंत्र ठेवलेल्या कपाटाच्या आतलं तापमान मोज. संध्याकाळी दिवे, पंखे, मोटारी एकदम सुरू होताना जमल्या तर विजेकडे बघ. पावसाच्या दिवसांत जमल्या तर अर्थिंग आणि ओल. गर्दीच्याच दिवशी जमल्या तर बोटं, बटण आणि हलणारा प्लग.

विजेची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच लोक फसतात. ‘दिवे तर गेले नव्हते’ हा आक्षेप हमखास येतो. आपल्या विजेचं एक आवर्तन 20 मिलीसेकंदांचं. संगणकाचा साधारण पॉवर सप्लाय पूर्ण भारावर पुरवठ्याशिवाय जेमतेम 16-17 मिलीसेकंद तग धरतो. म्हणजे एका आवर्तनाची खोट त्याला पुरते, आणि माणसाला दिवा फार तर मिचकल्यासारखा वाटतो. त्यात पॉवर सप्लायमधले कपॅसिटर गरम कपाटात म्हातारे होतात: तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य अर्ध्यावर येतं, असा ढोबळ हिशेब आहे. नवा असताना जी खोट त्याने पचवली, तीच चार वर्षांनी त्याला पाडते. म्हणून ‘इतकी वर्षं चाललं की’ या युक्तिवादाला मी काडीची किंमत देत नाही. यूपीएस आहे एवढ्यावरही विसंबू नकोस. भार चालू असताना त्याचा इनपुट काढून बघ. बॅटरी मेलेली असेल तर ते डबडं नुसतं वजनाला आहे.

नोंदीचं बळ केवढं असतं याची दोन उदाहरणं देतो. 4 जुलै 1997 ला पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच त्याचा संगणक आपोआप रीसेट होऊ लागला. तशी लक्षणं उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांत दिसली होती, पण किरकोळ समजून बाजूला पडली. दोष सापडला तो पृथ्वीवरच्या जोडयंत्रात घटनांची नोंद चालू ठेवून तीच स्थिती पुन्हा घडवली तेव्हा. कामांच्या प्राधान्यक्रमाचा घोळ होता, आणि सुधारणा इथूनच पाठवली गेली. दुसरं, 19 जुलै 2024. क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख विंडोज यंत्रं कोसळली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. गुन्हेगार लवकर ओळखला गेला; कोसळण्याच्या साऱ्या वेळा आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी 9.39 ला सुटलेल्या एका फाइलीनंतरच्या होत्या.

राहता राहिला तुझा खरा आक्षेप: यात्रेकरू समोर उभे असताना वही कसली लिहायची, आधी सुरू करायला नको का? जरूर कर. वेळ लिहायला दहा सेकंद लागतात. लिही आणि मग बटण दाब. रोज रात्री यंत्र आपोआप रीस्टार्ट व्हावं अशी सोय करायलाही हरकत नाही, मेमरी साचवणाऱ्या प्रोग्रॅमवर ती चालून जाते. पण उष्णतेला आणि विजेला ती लागू पडत नाही, वर दोष झाकला जातो. ‘सगळंच बदलून टाकू’ हे सांगणारे तर पुष्कळ भेटतील. एकाच दिवशी पॉवर सप्लाय, रॅम आणि विंडोज बदललंस आणि यंत्र सुधारलं, तर कशाने सुधारलं हे कधीच कळायचं नाही, आणि दोष विजेत असेल तर जुन्याच वीजबोर्डावर नवा पॉवर सप्लायही तसाच मरेल. एका वेळी एकच बदल कर. दुपारचा संशय असेल तर काही दिवस कपाटाचं मागचं दार, कुणाला तरी राखणीला बसवून, उघडं ठेव, तेवढाच बदल. आणि गुण आला म्हणायला घाई करू नकोस. यंत्र सरासरी तीन दिवसांतून एकदा, काही क्रम नसताना पडत असेल, तर काहीही न करता नऊ दिवस शांत जाण्याची शक्यता पाच टक्के असते. तीन शांत दिवसांची तर जवळजवळ सदतीस टक्के. तेव्हा नऊ दिवस होईपर्यंत कुणालाही ‘झालं दुरुस्त’ असं सांगू नकोस.

या पंधरवड्यात सुटा भाग एकही मागवू नकोस. वहीची पानं भरली की फोटो काढून पाठव, मग पुढचं बोलू.

तुझा,
काका