कॅल्शिअम जास्त, तरी पीटीएच ‘नॉर्मल’?

मुतखडा झाला, काढला. पुन्हा झाला, पुन्हा काढला. कुणीतरी टोमॅटो-पालक बंद करायला सांगतं आणि रुग्ण ते इमानेइतबारे बंद करतो. रक्तातलं कॅल्शिअम मात्र अनेकदा तपासलेलंच नसतं.

मानेत थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांचं पीटीएच हे संप्रेरक कॅल्शिअमवर ताबा ठेवतं. एखाद्या ग्रंथीत अ‍ॅडिनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ झाली, की पीटीएच गरज नसताना स्रवत राहतं आणि हाडांतलं कॅल्शिअम रक्तात येतं, तिथून लघवीत उतरून मुतखडे होतात. गाठ सहसा हाताला लागत नाही. थकवा, बद्धकोष्ठता, हाडं दुखणं हे सगळं वयाच्या नावावर खपून जातं.

या आजाराचं निदान रक्तावर होतं. कॅल्शिअम वाढलं की पीटीएच खाली जायला हवं. त्यामुळे कॅल्शिअम ११, म्हणजे जास्त, आणि पीटीएच ‘नॉर्मल’ असेल तर तो रिपोर्ट नॉर्मल नाही! पण पीटीएचपुढे ठळक खूण नसते, म्हणून कागद फायलीत जातो. आपल्याकडे ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने आणखी घोळ होतो: तिच्यामुळे पीटीएच एरवीही वाढतं, आणि गाठ असली तरी कॅल्शिअम मर्यादेत दिसू शकतं. लिथियम आणि थायझाइडच्या गोळ्यांनी कॅल्शिअम वाढतं, तर केसांसाठी घेतलेल्या बायोटिनने काही लॅबमध्ये पीटीएचचा आकडा चुकतो. यातलं काही घेत असाल तर आधीच सांगा. २४ तासांची लघवीही तपासतात, कारण एका आनुवंशिक आजारात रक्तात कॅल्शिअम जास्त, पण लघवीत कमी असतं. तिथे ग्रंथी काढण्याच्या ऑपरेशनचा उपयोग नसतो.

सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन त्यानंतर, गाठ कुठे आहे हे सर्जनला कळावं म्हणून. लायपोअ‍ॅडिनोमा या दुर्मीळ गाठीत चरबीच जास्त असते, त्यामुळे ती आजूबाजूच्या चरबीत मिसळून जाते आणि स्कॅन कोरा येऊ शकतो. कधी गाठ मानेत नसतेच. चार्ल्स मार्टेल या अमेरिकी जहाजी कप्तानाची गाठ १९३२ मध्ये सातव्या ऑपरेशनात छातीत सापडली. तेव्हा स्कॅन कोरा आला म्हणून आजार नाही, असं समजू नका.

कॅल्शिअम आणि पीटीएच एकाच वेळच्या रक्तातून, अल्ब्युमिनसह तपासून घ्या आणि जुने रिपोर्ट सोबत न्या. हाडं दुखतात म्हणून तोपर्यंत दुकानातून कॅल्शिअमच्या गोळ्या आणून खाऊ नका.