श्वासाची अमानत : धूम्रपान सोडून पुन्हा पोहण्याकडे

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.



रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या आपल्या किनारी वस्त्यांत एक गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. लहानपणी पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून जो खाडीत पोहायला शिकला, तारुण्यात जो एका दमात पैलतीर गाठत असे, तोच गृहस्थ चाळिशीच्या आसपास आपल्या मुलाला घेऊन पाण्यात उतरतो आणि दहा-वीस हात मारताच धापा टाकू लागतो. हातपाय पोहणे विसरलेले नसतात. साथ सोडलेली असते ती श्वासाने, आणि त्याचे कारण पुष्कळदा सदऱ्याच्या खिशातच असते.

या पाठात आपण तीन प्रश्नांचा क्रमाने विचार करू. पोहण्याला आपल्या धर्मशिकवणुकीत स्थान काय आहे? धूम्रपानाविषयी उलमांनी काय म्हटले आहे? आणि ज्याला धूर सोडून पाण्याकडे परतायचे आहे, त्याने कोणत्या मार्गाने जावे?

पोहणे : निव्वळ करमणूक नव्हे

इमाम नसाई (रह.) यांच्या ‘अस्-सुननुल कुबरा’ या संग्रहात एक हदीस आहे. अल्लाहच्या स्मरणाशी संबंध नसलेली प्रत्येक गोष्ट खेळ-तमाशा ठरते, मात्र चार गोष्टी त्याला अपवाद आहेत, असा तिचा आशय आहे. त्या चारांत नेमबाजीचा सराव, घोड्याला शिकवणे आणि पत्नीशी हास्यविनोद यांच्यासोबत पोहणे शिकण्याचाही समावेश आहे. हजरत उमर (रजि.) यांनी हजरत अबू उबैदा (रजि.) यांना पत्र लिहून मुलांना पोहणे शिकवण्याची सूचना केल्याचे ‘मुसनद अहमद’मध्ये नमूद आहे. ज्या भूमीत पाण्याचे दुर्भिक्ष होते, तेथील माणसांनी मुलांच्या पोहण्याची एवढी काळजी वाहावी, यावर खाडीकाठी राहणाऱ्या आपण विचार करायला हवा.

‘सहीह मुस्लिम’मधील एक हदीस आपण अनेकदा ऐकतो. दोघांतही भलाई असली तरी अल्लाहला दुर्बल मोमिनापेक्षा सबळ मोमिन अधिक प्रिय आहे. पुढे त्याच हदीसमध्ये, जे लाभदायक आहे त्याची आस धरावी, अल्लाहची मदत मागावी आणि हतबल होऊन बसू नये, अशी शिकवण आहे. या हदीसचे विवेचन करताना इमाम नववी (रह.) यांनी ‘शक्ती’चा अर्थ दंडातील बळापुरता ठेवलेला नाही. मनाचा दृढ निर्धार, हा अर्थ त्यांनी पुढे ठेवला आहे. आपल्या विषयात शक्तीच्या या दोन्ही अर्थांची गाठ पडते. पाणी कापायला शरीराची शक्ती लागते, आणि विडी-सिगारेट सोडायला निर्धाराची.

धूम्रपानाविषयी उलमांचे म्हणणे

तंबाखू प्रेषित (स.) यांच्या काळात अरबस्तानात नव्हती. अमेरिका खंडातून ती युरोपात आली आणि तेथून सोळाव्या शतकाच्या अखेरीस व सतराव्या शतकाच्या आरंभी मुस्लिम देशांत पोहोचली. नवी वस्तू आली म्हणून फुकहांपुढे नवा प्रश्न उभा राहिला आणि मते विभागली गेली. दमास्कसचे शेख अब्दुल गनी नाबुलुसी (रह., मृत्यू १७३१) यांनी ती मुबाह असल्याच्या बाजूने ग्रंथ लिहिला. पुष्कळांनी तिला मकरूह म्हटले. आपण कोकणी मुसलमान ज्या शाफई मजहबचे अनुयायी आहोत, त्यातील इमाम कल्यूबी (रह., मृत्यू १६५९) यांनी मात्र त्या काळातच ती निषिद्ध मानली, कारण तिच्यामुळे देहाला अपाय होतो असे त्यांचे मत होते.

हा मतभेद समजून घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्यांनी सूट दिली, त्यांच्या काळी तंबाखूचा अपाय सिद्ध झालेला नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यापासून वैद्यकशास्त्राने तो निःसंशय सिद्ध केला आणि त्यानंतर फतव्यांचा कलही पालटला. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा समितीने १९९५ मध्ये धूम्रपान हराम ठरवले. इंडोनेशियाच्या उलमा परिषदेने २००९ मध्ये ते मुले व गर्भवती स्त्रियांसाठी, तसेच सार्वजनिक जागी, हराम असल्याचे जाहीर केले. आपल्या देशातील काही उलमा आजही ‘मकरूह’ हाच शब्द वापरतात. पण मकरूह म्हणजे परवाना नव्हे. ज्याला नापसंत म्हटले आहे, ते दिवसातून वीस वेळा करण्याचे समर्थन त्या शब्दातून निघत नाही.

मूळ तत्त्वे तर सर्वांना मान्य आहेत. आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटण्यास सूरह अल्-बकरहच्या १९५ व्या आयतीत मनाई आहे. सूरह बनी इस्राईलच्या २६ व २७ व्या आयतींत उधळपट्टी करणाऱ्यांना सैतानाचे भाऊबंद म्हटले आहे. स्वतःला अपाय होऊ देऊ नये व दुसऱ्यालाही करू नये, हा हदीसचा प्रसिद्ध नियम आहे. घरात ओढलेल्या सिगारेटचा धूर पत्नीच्या आणि लेकरांच्या छातीत जातो, म्हणून या नियमाची दोन्ही अंगे तेथे मोडतात. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येण्यासही जेथे मनाई आहे, तेथे तोंडाला धुराचा दर्प घेऊन सफमध्ये उभे राहणे कसे शोभेल?

धूर श्वासाचे काय करतो?

आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन हा घटक फुप्फुसांतून ऑक्सिजन उचलतो आणि स्नायूंपर्यंत पोहोचवतो. तंबाखूच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. होडीत उतारूंच्या जागा आधीच दुसऱ्याने अडवाव्यात, तशी ही स्थिती होते. होडी चालू असते, पण ज्याला न्यायचे तो काठावरच राहतो. त्यात निकोटिनमुळे हृदयाचे ठोके वाढतात, म्हणजे हृदय अधिक धावते आणि पदरात कमी पडते. धुराने श्वासनलिका आकसतात, त्यांत कफ साचतो आणि तो बाहेर लोटणारे सूक्ष्म केस निकामी होतात.

जमिनीवर चालताना दम लागला तर मनुष्य थांबतो आणि हवा तेवढा श्वास घेतो. पाण्यात ही मोकळीक नसते. तोंड बाहेर येईल त्या क्षणापुरताच श्वास घ्यायचा आणि पाण्याखाली तो पूर्ण सोडायचा, असा पोहण्याचा क्रम आहे. शिवाय छातीवर पाण्याचा दाब असतो, म्हणून प्रत्येक श्वासाला जास्त जोर लागतो. जिन्यावर जे न्यून लपून जाते, ते पाण्यात लपत नाही.

विडी सौम्य असते, हा समज चुकीचा आहे. तेंदूपान नीट जळत नाही, त्यामुळे ती विझू नये म्हणून अधिक वेळा व अधिक जोराने ओढावी लागते. हुक्क्यातील पाणी कार्बन मोनॉक्साइड गाळून घेत नाही, उलट निखाऱ्यांमुळे तो वाढतो. सिगारेट सोडून मिश्री किंवा गुटख्याकडे वळणे हे तर तंबाखू सोडणेच नव्हे.

आता आशेची बाजू पाहू. शेवटच्या सिगारेटनंतर वीस मिनिटांत नाडी व रक्तदाब उतरू लागतात. साधारण अर्ध्या ते एका दिवसात रक्तातील कार्बन मोनॉक्साइड सामान्य पातळीवर येतो. दोन आठवडे ते तीन महिन्यांत रक्ताभिसरण व फुप्फुसांचे कार्य सुधारते. एक ते नऊ महिन्यांत खोकला व धाप कमी होते. वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका सुमारे निम्म्यावर येतो. बिघडवायला वीस वर्षे लागली, तरी सुधारणेचा आरंभ वीस मिनिटांत होतो. याला अल्लाहची रहमत म्हणावे नाही तर काय?

तलब आणि तिच्यावर उपाय

सिगारेटच्या ओढीला आपण ‘तलब’ म्हणतो. या अरबी शब्दाचा मूळ अर्थ शोध घेणे, मागणे असा आहे. ज्ञानाची तलब करणारा तो तालिब-ए-इल्म. एवढा सुंदर शब्द आपण धुरासाठी खर्ची घातला आहे. मनुष्याची तलब नाहीशी होत नसते, तिला दुसरी दिशा द्यावी लागते. पोहणाऱ्याचे भाग्य असे की, त्याच्यापाशी मागण्यासारखे दुसरे काही आधीच आहे.

१. निय्यत व दिवस. अल्लाहसाठी सोडत असल्याची निय्यत करावी, दिवस ठरवावा आणि तो घरच्यांना सांगावा. पाकीट, लायटर, राखदाणी आदल्या रात्रीच घराबाहेर काढावीत.

२. पहिले तीन दिवस. चिडचिड, डोके जड होणे, झोपमोड हा त्रास बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. पत्नीने व मोठ्या मुलांनी या दिवसांत त्याच्या रागाला राग जोडू नये. हा त्या घराचा सब्र आहे.

३. तलबेची पाच मिनिटे. ओढीची लाट बहुधा तीन ते पाच मिनिटांत उतरते. तेवढ्या वेळात वुजू करावा, पाणी प्यावे, मिसवाक करावी किंवा झपाझप चालून यावे. थोड्या व्यायामानेही तलब मंदावते.

४. औषधाची लाज नको. निकोटिनची गोळी (च्युइंगम) दोन व चार मिलिग्रॅममध्ये मिळते. चिकटपट्ट्या व इतर औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. उपचार करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. शासनाची १८००-११-२३५६ ही मोफत मदतवाहिनी आहे आणि तिचा क्रमांक पाकिटावरच छापलेला असतो.

५. पाय घसरला तर. पुष्कळांना एकाहून अधिक वेळा प्रयत्न करावा लागतो. एक सिगारेट ओढली म्हणून पाकीट संपवू नये. तौबा करून त्याच दिवशी पुन्हा उभे राहावे.

रमजान ही याची उत्तम संधी आहे. जो मनुष्य एरवी तासाभरात अस्वस्थ होतो, तोच सहरीपासून मगरिबपर्यंत तेरा-चौदा तास धुराविना राहतो. मग सोडणे अशक्य आहे, हे म्हणणे उरत नाही. मगरिबपर्यंत रक्तातला विषारी वायू बराच उतरलेला असतो. खजूर आणि पाण्यानंतर पुन्हा तोच धूर भरून घेणे, हे दिवसभराच्या कमाईवर पाणी सोडणे आहे.

पाण्याकडे परतताना

घाई करू नये. चाळिशी ओलांडलेल्याने किंवा रक्तदाब, मधुमेह असलेल्याने आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. पहिले दोन आठवडे रोज अर्धा तास वेगाने चालावे. या काळात खोकला वाढला तरी घाबरू नये, श्वासनलिकांतील ते सूक्ष्म केस पुन्हा कामाला लागलेले असतात. खोकल्यातून रक्त आले किंवा छातीत दुखले, तर मात्र विलंब न करता दवाखाना गाठावा.

त्यानंतर तलावाच्या उथळ भागात उतरावे. प्रथम पाण्यात संथपणे श्वास सोडण्याचा सराव करावा. मग पंचवीस मीटरची एक फेरी, पूर्ण विश्रांती, पुन्हा एक फेरी. दर आठवड्यास एक-दोन फेऱ्या वाढवाव्यात. थोडे असले तरी सातत्याने केलेले कर्म अल्लाहला अधिक प्रिय असते, ही हदीसची शिकवण येथेही उपयोगी पडते. न थांबता चारशे मीटर शांतपणे पोहता आल्याशिवाय खाडी किंवा समुद्राचा विचार करू नये. वारंवार जोराने श्वास घेऊन मग पाण्याखाली दम धरण्याची पैज कधीही लावू नये. त्यात पूर्वसूचना न मिळता शुद्ध हरपते आणि मनुष्य बुडतो.

जुन्या पोहणाऱ्याला खरा धोका त्याच्या आठवणीपासून असतो. पैलतीर त्याच्या मनात विसाव्या वर्षी होते तेवढेच जवळ असते. म्हणून एकट्याने उतरू नये. ओहोटीला खाडीच्या मुखाशी जाऊ नये. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात आणि पावसाळ्यात समुद्रापासून दूर राहावे. बापाने मुलाला पाण्यात नेताना त्याला बाहेर काढण्याइतका दम स्वतःपाशी आहे की नाही, हे आधी पाहावे. तो दम कमावणे हे मुलाचे बापावरील ऋण आहे.

पोहण्याचेही अदब आहेत. पुरुषांनी नाभीपासून गुडघ्यापर्यंतचा देह झाकणारा पोशाख घालावा. स्त्रियांसाठी जेथे स्वतंत्र वेळ व पडद्याची सोय असेल, तेथे मुलींनाही अवश्य शिकवावे, कारण बुडण्याचा धोका मुलगा-मुलगी पाहत नाही. सरावासाठी नमाज कजा होऊ देऊ नये. रोजात पाणी घशात उतरण्याची भीती असते, म्हणून रमजानात सराव इफ्तारनंतर ठेवावा. निकोटिनची गोळीही रोजात चघळू नये, आणि चिकटपट्टीविषयी आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे.

घरात चर्चेसाठी प्रश्न

१. कल्यूबी व नाबुलुसी यांच्या मतभेदाचे मूळ कशात होते? आजच्या ज्ञानाने त्यात काय फरक पडला?

२. समजा, पाकिटावर रोज शंभर रुपये जातात. वर्षाला ते ३६,५०० होतात. ही रक्कम घरात कोणत्या कामी आली असती?

३. घरातील कोणी धूम्रपान सोडत असेल, तर पहिल्या तीन दिवसांत प्रत्येक जण त्याला कोणती मदत करील?

कियामतच्या दिवशी आयुष्य कशात घालवले, तारुण्य कशात झिजवले आणि पैसा कोठे खर्च केला, हे विचारले जाईल, असे तिरमिजीच्या हदीसमध्ये आहे. सिगारेट या तिन्ही खात्यांतून उचल करते. ज्या बांधवांनी ती सोडण्याचे मनात आणले आहे, त्यांनी येत्या जुम्म्याची वाट पाहू नये, आजच्या इशापासूनच आरंभ करावा. अल्लाह त्यांचा निर्धार पक्का करो, त्यांच्या छातीला शिफा देवो आणि त्यांच्या लेकरांना त्यांची दीर्घ सोबत लाभो. आमीन.