बुद्धीची नावे आणि मुलांची पारख

परीक्षांचे निकाल लागले की घराघरांतून दोनच शब्द ऐकू येतात. ज्यास गुण अधिक मिळाले तो 'हुशार' आणि ज्यास कमी मिळाले तो 'ढ'. ब्राह्मी लिपीपासून आजतागायत 'ढ' या अक्षराचे रूप फारसे पालटले नाही; म्हणून ज्याच्यात पालट होत नाही तो 'ढ', अशी या शब्दाची उपपत्ती सांगतात. अक्षराविषयी ते खरे असेल. वाढत्या मुलास मात्र असे नाव देणे हा अन्याय होय. ज्या भाषेत बुद्धीला इतकी नावे आहेत, त्या भाषेच्या घरांत मुलाची पारख दोन शब्दांत उरकावी, हे आम्हांस उचित वाटत नाही. यास्तव त्या नावांचा थोडा विचार येथे करू.

अमरकोशाच्या पहिल्या कांडात, धीवर्गात, बुद्धीची १४ नावे दिली आहेत. कोशात ती एका पंक्तीस बसली असली, तरी व्यवहारात प्रत्येकाची छटा निराळी आहे.

'बुद्धी' हा शब्द 'बुध्' म्हणजे जागे होणे, जाणणे या धातूपासून झाला. कठोपनिषदातील रथाच्या रूपकात इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धी ही सारथी आहे. निर्णय करणे हे तिचे काम. परंतु सारथी वाट चुकूही शकतो. म्हणूनच गीतेच्या १८ व्या अध्यायात बुद्धीचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन भेद केले आहेत. अधर्मालाच धर्म समजते तीही बुद्धीच. पण ती तामस.

'मती' म्हणजे विचाराचा कल. म्हणून ती फिरते, गुंग होते. सुमती होते, तशी कुमतीही होते.

'मेधा' म्हणजे धारण करणारी बुद्धी. ग्रंथ मुखोद्गत करून राखावयाचे, त्या परंपरेत तिचे मोल फार मोठे. उपनयनाच्या चौथ्या दिवशी मेधाजनन हा विधी सांगितला आहे; गणपत्यथर्वशीर्षाच्या फलश्रुतीतही लाह्यांनी यजन करणारा मेधावान होतो, असे म्हटले आहे. आपल्या शाळांतील परीक्षा बहुतांशी या मेधेचीच परीक्षा असते. मेधा हे मोठे धन खरे, पण ते बुद्धीचे एक अंग आहे.

आता 'धी' हा शब्द पाहा. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील ६२ व्या सूक्तात विश्वामित्रांचा गायत्री मंत्र आहे. त्यात सवित्याजवळ अधिक बुद्धी मागितलेली नाही; आहे त्या बुद्धीस त्याने प्रेरणा द्यावी, एवढेच मागणे आहे. आणि तेही 'माझ्या' नव्हे, 'आमच्या' बुद्धींस! शेजारच्या मुलापेक्षा आपल्या मुलास चार गुण अधिक पडावेत, या इच्छेला त्या मंत्रात जागा नाही, हे नित्य जप करणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

'प्रज्ञा' याहून खोल. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो, स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? त्यास किती ठाऊक असते, हे तो विचारीत नाही. प्रज्ञा ओळखावयाची ती वागणुकीवरून. 'विवेक' म्हणजे वेगळे करणे. सुपात तांदूळ पाखडताना खडा बाजूला काढतात, तसे सारासार निवडणे हा विवेक.

संस्कृताच्या जोडीस मराठीने आणखी शब्द घेतले. 'हुशार' हा फारसीतून आला; त्याचा मूळ अर्थ सावध, जागा असलेला. 'अक्कल' अरबीतून आली. ती बहुधा ठेच लागल्यावर येते, म्हणून झालेले नुकसान आपण अक्कलखाती मांडतो. 'शहाणा' हा 'सज्ञान' शब्दाचा वंशज मानतात. पण लोकांनी त्यावरही डोळा ठेवला आणि 'दीडशहाणा', 'अतिशहाणा' असे शब्द घडविले. समर्थांनी तर दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील १० वा समास पढतमूर्खाच्या लक्षणांस दिला. पाठांतर, वाचन, वक्तृत्व सारे आहे, पण आचरण नाही, असा मनुष्य त्यांस मूर्खांतच गणावासा वाटला. 'दीडविवेकी' असा शब्द मात्र कोणी घडविलेला आढळत नाही; विवेक अधिक झाल्याची तक्रार कोण करणार?

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या कुटुंबांत मुले शाळेत दुसऱ्या भाषेत शिकतात. मराठी उरते ती घरात आणि देवळात. तेथेही 'स्मार्ट' या एका शब्दात सारे कोंबले, तर हे शब्द जातील आणि शब्दांबरोबर पारखही जाईल. पाढे चुकणारा मुलगा दोघांचे भांडण समजुतीने मिटवीत असेल, तर त्याच्या ठायी विवेक आहे. शाळेची पायरी न चढलेली आजी तुटपुंज्या मिळकतीत घर सांभाळून पाहुण्यास विन्मुख पाठवीत नसेल, तर ते शहाणपण आहे. त्यास त्याच नावाने गौरविले पाहिजे. कारण ज्या गुणाला घरात नाव नाही, तो जोपासला जात नाही.

मननासाठी : या महिन्यात प्रत्येक कुटुंबाने घरातील लहानथोरांविषयी 'हुशार' आणि 'ढ' हे दोन शब्द वर्ज्य करावेत, आणि प्रत्येकाच्या ठायी मेधा, मती, विवेक, शहाणपण यांपैकी काय दिसते, ते एकत्र बसून बोलावे. मुलांनाही आपल्या वडिलांविषयी हे सांगू द्यावे.