मोबाईलवरील ब्राउझरची निवड : इटियाडोह लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांसाठी

गाढवी नदीवरील इटियाडोह जलाशयाच्या लाभक्षेत्रात रोवणी आटोपली तरी शेतकऱ्याचे काम बांधीपुरते उरत नाही. सातबारा पाहणे, महाडीबीटी संकेतस्थळावर अवजारांसाठी अर्ज करणे, पंतप्रधान किसान सन्मान निधीचा हप्ता जमा झाला किंवा कसे हे तपासणे, पीक विम्याची मुदत पाहणे ही कामे आता मोबाईलवर होतात. ही संकेतस्थळे ज्या साधनातून उघडतात त्यास ब्राउझर म्हणतात. मोबाईल विकत घेताना जो ब्राउझर त्यात असतो तोच बहुतेक शेतकरी वापरतात. बियाण्याची पिशवी घेताना जाती, उगवणशक्ती व मुदत पाहणारा शेतकरी ब्राउझरच्या बाबतीत मात्र काहीच पाहत नाही. ही उणीव दूर करणे कठीण नाही.

प्रथम माहिती कशी पाझरते ते समजून घ्यावे. धानाचा बाजारभाव देणारे एखादे खाजगी पान उघडले, की त्या पानाबरोबर जाहिरात कंपन्यांचे छोटे कार्यक्रमही मोबाईलमध्ये चालू होतात. ते मोबाईलवर एक खूण ठेवतात. तिला कुकी म्हणतात. तीच कंपनी पुढे कीटकनाशकाच्या पानावर असते, कर्जाच्या पानावरही असते. तिन्ही ठिकाणची खूण जुळली, म्हणजे हा मोबाईलधारक धान पिकवितो, त्याच्या पिकावर कीड आहे आणि त्यास पैशाची निकड आहे, इतके तिला कळते. नाव विचारण्याचीही गरज पडत नाही. खेकड्याने पोखरलेल्या बांधातून पाणी जसे कळू न देता निघून जाते, तसाच हा प्रकार होय. निकडीत असलेल्या माणसास महागड्या कर्जाच्या जाहिराती नेमक्या त्याच वेळी दिसू लागतात, त्याचे हे एक कारण आहे.

ब्राउझर स्वतःच गळका असला तर प्रश्न अधिक गंभीर होतो. यूसी ब्राउझर हा त्याचा चांगला दाखला होय. कमी किमतीच्या मोबाईलवर व मंद जाळ्यावर तो चपळ चाले, म्हणून भारतात तो फार पसरला होता. २०१५ साली कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅब या संस्थेने त्याची तपासणी केली. वापरणाऱ्याने शोधलेले शब्द व अन्य माहिती पुरेशी सुरक्षित न करता पाठविली जात असल्याचे तीत आढळले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ अ‍ॅपांवर बंदी घातली. त्यांत हा ब्राउझरही होता. जुन्या मोबाईलमध्ये तो अजून पडून असल्यास काढून टाकावा. चपळाई हा गुण खरा, परंतु केवळ त्यावर निवड करणे इष्ट नव्हे.

यास्तव निवड करताना पुढील प्रश्न विचारावेत. ब्राउझर बनविणाऱ्याचे उत्पन्न कशातून येते? माग काढणाऱ्या खुणा तो आपणहून अडवितो, की त्यासाठी खटपट करावी लागते? त्याची सुधारित आवृत्ती नियमितपणे येते काय? आणि सरकारी संकेतस्थळे त्यात नीट उघडतात काय?

या कसोटीवर फायरफॉक्स व ब्रेव्ह हे दोन ब्राउझर सामान्य शेतकऱ्यास उपयोगी पडतील. दोन्ही विनामूल्य असून दोन्ही माग काढणारे बरेच घटक आपणहून अडवितात. फायरफॉक्समागे मोझिला ही ना-नफा संस्था आहे आणि त्यात मराठी भाषा निवडता येते. ब्रेव्ह हा क्रोमच्याच पायावर उभा असल्याने क्रोमसाठी बनविलेली संकेतस्थळे त्यात सहसा अडत नाहीत. जाहिराती अडविल्या गेल्याने पाने लवकर उघडतात व डेटाही वाचतो. हा लाभ दुय्यम असला तरी दुर्गम गावात लहान नाही.

तथापि यांपैकी कोणीही निष्कलंक नाही. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलकडूनच येतो. ब्रेव्हने काही पत्त्यांना स्वतःच्या कमाईचे संकेत परस्पर जोडल्याचे २०२० साली उघड झाले व त्याच्या प्रमुखास दिलगिरी व्यक्त करावी लागली. डकडकगो या तिसऱ्या ब्राउझरने मायक्रोसॉफ्टच्या काही खुणांना सूट दिल्याचे २०२२ साली निदर्शनास आले. नंतर त्याने ती बरीचशी बंद केली. म्हणून एकदा निवडला म्हणजे कायमचे निश्चिंत झालो, असे समजू नये.

क्रोममधील ‘गुप्त’ खिडकीविषयीही गैरसमज आहे. तिच्यामुळे पाहिलेल्या पानांची यादी मोबाईलमध्ये राहत नाही, इतकेच. संकेतस्थळास व जाळे पुरविणाऱ्या कंपनीस वापर दिसतोच. याच प्रश्नावर अमेरिकेत २०२० साली गूगलवर दावा दाखल झाला आणि २०२४ साली तडजोडीत साठविलेल्या असंख्य नोंदी नष्ट करण्याचे गूगलने मान्य केले.

ब्राउझर कोणताही असो, त्याची मर्यादा ओळखावी. किसान सन्मान निधीच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ‘एपीके’ फाइल मोबाईलमध्ये बसविली, अथवा ओटीपी स्वतःच सांगितला, तर कोणताही ब्राउझर वाचवू शकत नाही. पत्त्याशेजारील कुलपाचे चिन्ह रस्ता बंदिस्त असल्याचे दाखविते, पलीकडचा माणूस प्रामाणिक असल्याचे नव्हे. केंद्र व राज्य शासनाच्या संकेतस्थळाचा पत्ता सामान्यतः ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो, तो शेवटपर्यंत वाचावा. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

नवा ब्राउझर प्ले स्टोअरवरूनच घ्यावा. आठवडाभर जुना न काढता त्यात सातबारा व महाडीबीटी उघडून पाहावे. एखादे सरकारी पान अडल्यास त्या एका पानापुरतेच संरक्षण सैल करावे, सरसकट बंद करू नये. काम जमू लागल्यावर सेटिंग्जमधील ‘डीफॉल्ट अ‍ॅप्स’ येथे त्यास मुख्य ब्राउझर ठरवावे; हे न केल्यास संदेशातील दुवे जुन्याच ब्राउझरमध्ये उघडत राहतात. पत्ता कळविण्याची परवानगी ‘प्रत्येक वेळी विचारा’ यावर ठेवावी. घरातील एकच मोबाईल अनेकजण वापरत असल्यास त्यात बँकेचा पासवर्ड साठवू नये, आणि सेवा केंद्रातील संगणकावर काम केल्यास उठण्यापूर्वी खात्यातून बाहेर पडावे.