स्पष्टवक्ते नानी पालखीवाला

(पाठाविषयी : वकील म्हणजे न्यायालयात दुसऱ्याची बाजू मांडणारा माणूस. या पाठात मुंबईच्या एका करविषयक वकिलाची ओळख करून दिली आहे. लहानपणी ते बोलताना अडखळत. पुढे मात्र त्यांचे बोलणे ऐकायला हजारो लोक जमत. सरकारचे चुकते आहे असे वाटले की ते तसे उघडपणे सांगत.)

विद्यार्थी मित्रांनो, भोर आणि वेल्हे परिसरातील आपल्या घरांत सरकारी कागद येतात. कधी घरपट्टीचे बिल येते, कधी सातबाराचा उतारा आणावा लागतो, तर कधी धरणात गेलेल्या जमिनीच्या भरपाईची नोटीस येते. हे कागद मराठीत असतात. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ते वाचून दाखवण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलावर किंवा मुलीवर येते. अब्बा विचारतात, "काय लिहिलंय यात? किती भरायचे? का भरायचे?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर असतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र शोधावे लागते. ज्यांनी आयुष्यभर हा तिसरा प्रश्न विचारला, त्या वकिलाची ही गोष्ट आहे.

त्यांचे नाव नानी पालखीवाला. हे नाव ऐकून वर्गात हसू फुटते, कारण आपल्या घरात 'नानी' म्हणजे आईची आई. येथे मात्र नानी हे पुरुषाचे नाव आहे. त्यांचे पूर्ण नाव नानाभॉय अर्देशीर पालखीवाला. नानाभॉयचे लाडके रूप नानी. ते पारशी होते. त्यांचे पूर्वज पालख्या तयार करत, म्हणून घराण्याचे आडनाव पालखीवाला पडले. उर्दूत आपण जिला पालकी म्हणतो, तीच मराठीतील पालखी.

नानींचा जन्म १६ जानेवारी १९२० रोजी मुंबईत एका साध्या मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. त्यांना वाचनाचे वेड होते. पण बोलताना त्यांची जीभ अडखळत असे. शब्द मनात तयार असे, परंतु ओठांवर येत नसे. असा मुलगा वकील होईल असे कोणाला वाटले असेल? नानींनी हार मानली नाही. बोलण्याच्या प्रसंगांपासून ते पळाले नाहीत. निश्चयाने आणि सरावाने त्यांनी हा दोष जिंकला.

माझ्या वर्गातही एक मुलगा आहे. उर्दू तो घडाघडा वाचतो, पण मराठीचा उतारा वाचायला उभा राहिला की घाबरतो. 'ळ' आणि 'ण' आले की थांबतो आणि बाकीचे हसतात. त्या दिवशी मी पुस्तक मिटून वर्गाला नानींची ही हकिकत सांगितली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा स्वतःहून उभा राहिला. तो अडखळला, पण त्याने उतारा पूर्ण केला. कोणी हसले नाही.

मुंबईच्या सेंट झेव्हियर्स कॉलेजातून नानींनी इंग्रजी विषयात एम. ए. केले. त्यांना प्राध्यापक व्हायचे होते. त्यांनी मुंबई विद्यापीठात अर्ज केला, पण ती जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. एक दार बंद झाले, म्हणून ते शासकीय विधी महाविद्यालयाच्या दाराशी गेले. १९४४ साली ते सर जमशेदजी कांगा या नामवंत वकिलांच्या हाताखाली काम करू लागले.

नानींनी आयकराचा कायदा हा विषय निवडला. हा विषय रुक्ष मानला जातो. पानापानांवर कलमे, पोटकलमे आणि आकडे असतात. नानींनी मात्र त्यात मन घातले. १९५० साली कांगा आणि पालखीवाला या दोघांच्या नावाने आयकर कायद्यावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तेव्हा नानींचे वय अवघे तीस वर्षांचे होते. या ग्रंथाच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. आजही वकील आणि न्यायाधीश तो उघडून पाहतात.

कर का द्यावा लागतो? रस्ते, शाळा, दवाखाने, धरणे हे सारे करातून होते. म्हणून कर भरणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. पालखीवालांनाही हे मान्य होते. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की कर कायद्याने आणि प्रमाणात असावा. १९७३-७४ साली आपल्या देशात आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता. म्हणजे वर्षाला दोन लाखांपेक्षा जास्त कमावणाऱ्याच्या वरच्या प्रत्येक शंभर रुपयांतून ९७ रुपये ७५ पैसे सरकारकडे जात. त्याच्या हाती उरत अवघे सव्वादोन रुपये! पालखीवाला म्हणत, की असा कर लावला तर प्रामाणिक माणूस खचतो आणि लबाड माणूस पैसा लपवतो. मग सरकारच्या हाती काय येणार? पुढच्याच वर्षी हा दर ७७ टक्क्यांवर आला. त्यानंतर तो कमी होत गेला. आज आयकराचा सर्वांत वरचा मूळ दर ३० टक्के आहे.

हे विचार त्यांनी फक्त न्यायालयात मांडले नाहीत. सरकारचा अर्थसंकल्प दरवर्षी जाहीर होतो. त्याचा अर्थ सामान्य माणसाला कळावा म्हणून १९५८ साली पालखीवालांनी मुंबईच्या ग्रीन्स हॉटेलातील एका लहान सभागृहात भाषण दिले. पुढे दरवर्षी गर्दी वाढत गेली. सभागृह पुरेना, म्हणून भाषण ब्रेबर्न स्टेडियमवर होऊ लागले. हातात कागद नसतानाही ते आकड्यांमागून आकडे सांगत. जेथे क्रिकेट पाहायला गर्दी होते, तेथे कराचे भाषण ऐकायला हजारो लोक बसत. लोक गंमतीने म्हणत, की देशात दोन अर्थसंकल्प असतात, एक अर्थमंत्र्यांचा आणि एक पालखीवालांचा. ही भाषणे १९९४ सालापर्यंत चालली. सरकार कोणत्या पक्षाचे आहे हे पाहून त्यांनी जीभ आवरली नाही.

करांचा हा वकील हळूहळू राज्यघटनेचा वकील झाला. १९ जुलै १९६९ रोजी सरकारने चौदा मोठ्या बँका ताब्यात घेतल्या. त्याविरुद्धच्या खटल्यात पालखीवाला उभे राहिले. १० फेब्रुवारी १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. सरकारने एखाद्याची मालमत्ता घेतली तर तिचा योग्य मोबदला द्यायला हवा, हा त्यातील एक मोठा मुद्दा होता. पुढे सरकारने नवा कायदा करून बँका पुन्हा घेतल्या, पण मोबदल्याची व्यवस्था सुधारूनच. मोबदला या शब्दाचे मोल आपल्या भागाला समजावून सांगायला नको. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी ही धरणे येथेच बांधली गेली.

त्याच वर्षी संस्थानिकांच्या तनख्याचा खटला चालला. आपले भोर हेसुद्धा एक संस्थान होते. पंतसचिव घराणे तेथे राज्य करत असे. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थाने विलीन होताना संस्थानिकांना दरवर्षी तनखा देण्याचे वचन मिळाले होते. ते घटनेतही लिहिले होते. १९७० साली राष्ट्रपतींच्या एका आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेण्यात आली. पालखीवालांनी त्याविरुद्ध युक्तिवाद केला आणि न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. १९७१ साली मात्र संसदेने घटना बदलून तनखे कायमचे बंद केले.

तुम्ही विचाराल, "सर, राजांच्या तनख्यासाठी भांडायचे कशाला? गरिबांना काय त्याचे?" हा प्रश्न त्या काळीही अनेकांनी विचारला. पालखीवाला श्रीमंतांचे वकील आहेत, अशी टीका झाली. मोठ्या उद्योगसमूहांशी त्यांचा जवळचा संबंध होता, हेही खरे. ही टीका विसरता कामा नये. पण दुसरी बाजूही पाहा. घटनेत लिहिलेले वचन एका आदेशाने राजाला नाकारता येत असेल, तर शेतकऱ्याला दिलेले वचन किती टिकेल? राजाजवळ वकील असतो. शेतकऱ्याजवळ बहुधा फक्त कायदा असतो.

त्यांचा सर्वांत मोठा खटला केशवानंद भारती यांचा. केशवानंद हे केरळमधील एडनीर मठाचे प्रमुख होते. जमिनीच्या कायद्यावरून सुरू झालेल्या या खटल्यात एक मूलभूत प्रश्न उभा राहिला : संसदेला बहुमताच्या जोरावर घटनेत हवा तो बदल करता येतो का? तेरा न्यायाधीश बसले. सुनावणी ६८ दिवस चालली. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा अगदी थोड्या फरकाने निकाल लागला. संसद घटनेत बदल करू शकते, पण घटनेचा मूळ गाभा मोडू शकत नाही, असे न्यायालयाने सांगितले. घर दुरुस्त करा, भिंतींना रंग द्या, खिडक्या बदला, पण पाया उखडू नका, असा त्याचा साधा अर्थ.

आपल्यासारख्या शाळांशी जवळचा असलेला एक खटलाही येथे सांगायला हवा. घटनेच्या तिसाव्या कलमाने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या आवडीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. अहमदाबादच्या सेंट झेव्हियर्स कॉलेजाच्या खटल्यात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क उचलून धरला. त्या कॉलेजाची बाजू पालखीवालांनीच मांडली होती.

मग १९७५ साल उजाडले. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या वतीने कोण उभे राहिले? पालखीवाला! ज्यांच्या सरकारविरुद्ध ते वर्षानुवर्षे लढले, त्यांचीच बाजू त्यांनी मांडली. कारण पक्षकार कोणीही असो, त्याची बाजू नीट मांडणे हा वकिलाचा धर्म आहे. २४ जूनला अटींसह स्थगिती मिळाली. २५ जूनच्या रात्री देशात आणीबाणी लागू झाली. विरोधी नेत्यांना अटक झाली, वृत्तपत्रांवर बंधने आली. पालखीवालांनी पंतप्रधानांचे वकीलपत्र परत केले. देशातील सर्वांत शक्तिमान व्यक्तीला नकार देणे त्या दिवसांत सोपे नव्हते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केशवानंद खटल्याच्या निकालाचा फेरविचार करण्यासाठी पुन्हा तेरा न्यायाधीश बसले. आणीबाणी चालू होती. बाहेर माणसे बोलायला भीत होती. न्यायालयात पालखीवाला बोलले. निकालाचा फेरविचार करण्याचे काहीच कारण नाही, असे त्यांनी ठामपणे मांडले. दोन दिवसांच्या सुनावणीनंतर १२ नोव्हेंबरला सरन्यायाधीशांनी ते खंडपीठच विसर्जित केले. जुना निकाल कायम राहिला आणि तो आजही कायम आहे.

१९७७ ते १९७९ या काळात पालखीवाला अमेरिकेत भारताचे राजदूत होते. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण देऊन गौरवण्यात आले. ११ डिसेंबर २००२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांचे सर्वच विचार सर्वांना पटले नाहीत, आणि पटायलाच हवेत असेही नाही. पण त्यांची एक सवय आपण घेऊ शकतो. स्पष्ट बोलण्याआधी ते कलम वाचत, आकडा तपासत, मग बोलत. म्हणून त्यांचा आवाज उद्धट वाटत नसे, खरा वाटत असे.

मुलांनो, पुढच्या वेळी घरी नोटीस आली की ती सावकाश वाचा. अडखळलात तरी चालेल. कर देय असेल तर वेळेवर भरायला सांगा. हिशेबात चूक दिसली, तर अब्बांबरोबर कचेरीत जा आणि नम्रपणे विचारा, "साहेब, हे कोणत्या नियमाने?" हा प्रश्न विचारायला वकिलीची पदवी लागत नाही. मराठी वाचता यावे लागते आणि थोडे धैर्य लागते.

शब्दार्थ

स्पष्टवक्ता – खरे ते उघडपणे बोलणारा
रुक्ष – कोरडा, कंटाळवाणा
अधिभार – करावर लावलेला जादा कर
अर्थसंकल्प – सरकारच्या वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज
संस्थानिक – संस्थानाचा राजा
गाभा – आतला मुख्य भाग
स्थगिती – काही काळापुरती मनाई
खंडपीठ – एकत्र बसून निकाल देणारे न्यायाधीश

उर्दूशी नाते : वकील, अर्ज, कायदा, तनखा, नोकर, जमीन, हक्क, हकिकत हे शब्द मराठीत वापरले जातात. ते तुम्हांला आधीपासून ठाऊक आहेत. 'तनखा' आणि उर्दूतील 'तनख्वाह' यांच्या अर्थांतील फरक शिक्षकांना विचारा.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पालखीवाला हे आडनाव कशावरून पडले?
(आ) आयकरावरील ग्रंथ कोणत्या साली प्रसिद्ध झाला?
(इ) घटनेच्या तिसाव्या कलमाने कोणता हक्क दिला आहे?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) अर्थसंकल्पावरील भाषणे स्टेडियमवर होऊ लागली.
(आ) पालखीवालांनी पंतप्रधानांचे वकीलपत्र परत केले.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) केशवानंद भारती खटल्याचा निकाल घराच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
(आ) पालखीवालांवर कोणती टीका झाली? ती तुम्हांला पटते का? का?

प्र. ४. वाक्यात उपयोग करा.
हार मानणे, मन घालणे, जीभ आवरणे, उचलून धरणे.

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
प्रामाणिक, श्रीमंत, नम्र, धैर्य.

उपक्रम : घरी आलेली घरपट्टीची पावती वर्गात आणा. तिच्यावरील कठीण शब्दांची यादी करून त्यांचे उर्दू अर्थ लिहा.